न जाळलेला पाला

रविवारी सकाळी साडेपाचला बसस्टँडवर जमायचं, असं नूतन खोब्रागडेनं निसर्ग मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की बावीस अंगठे वर व्हायचे आणि माणसं यायची तीन. त्यातलाही एक जण, वाघ दिसणार का, एवढं विचारून नाश्त्याच्या गाडीकडे वळायचा. पंचायत समितीतली नोकरी सांभाळून नूतन चार वर्षं हे मंडळ ओढत होती. दर वसंतात पोंभुर्ण्याच्या आसपासच्या रानातली पाखरं आणि घरटी नोंदवायची, एवढंच काम. पण वाघांच्या जिल्ह्यात पाखरू बघायला सवड कोणाला आहे? ती पार वैतागून गेली होती.

दुसरा वैताग मोहाच्या झाडांचा. फुलं गळायच्या आधी गावातले लोक आपापल्या मोहाखालचा पाला पेटवून देत, म्हणजे साफ जमिनीवरून फुलं झटपट वेचता येत. ती आग रानात सरकायची आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचा संसार जागीच संपायचा. यंदा नूतननं गावात सभा घेतली आणि तावातावानं बोलली. बायकांनी मुकाट ऐकलं आणि उठून कामाला गेल्या. यांना सांगून काही उपयोग नाही, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मात्र तिला असा एक मोह दिसला, की ज्याच्याखाली पाला तसाच होता. साठीच्या मंगलीबाई कोडापे वाकून त्या पाल्यातून एकेक फूल वेचत होत्या. नूतनला पाहताच त्यांनी हातानंच थांबवलं आणि बोट दाखवलं. दहा पावलांवर वाळला पाला होता, दुसरं काहीच नाही. बऱ्याच वेळानं त्या पाल्यात एक डोळा दिसला. पाल्याच्याच रंगाचा रातवा पक्षी अंड्यांवर बसला होता! इतकी वर्षं पाखरं पाहूनही नूतनला रातव्याचं घरटं आजवर दिसलं नव्हतं. तिला भरून आलं.

"पिल्लं निघून चालती होतपर्यंत कोणाले सांगू नका, मॅडम," मंगलीबाई हळूच म्हणाल्या.

नूतननं मान डोलावली. पण घरी पोचेपर्यंत तिच्या मनानं वेगळंच घेतलं. हे पाहून तरी मंडळ जागं होईल! तिथं काढलेला फोटो तिनं ग्रुपवर टाकला, सोबत जागेचं लोकेशनही टाकलं.

पुढच्या रविवारी एकतीस माणसं आली. नूतनला तर आभाळ ठेंगणं झालं. मंडळाचे हौशी फोटोग्राफर अश्विन सर तोफेएवढी लेन्स घेऊन आले होते. पाल्यात पाखरू नीट दिसेना, म्हणून त्यांनी काठीनं सभोवतालचा पाला बाजूला सारला. रातवा उडाला. तो परत बसेल म्हणून सगळे तास-दीड तास तिथंच थांबले आणि उघडी पडलेली अंडी उन्हात तापत राहिली. मागे सरा, असं नूतन दोनतीनदा म्हणाली. पण तिचा आवाज चढला नाही. इतकी गर्दी मोडायचं तिच्याच्यानं झालं नाही.

मंगळवारी ऑफिसच्या आधी ती धावत तिथं गेली. एक अंडं फुटलेलं होतं, दुसऱ्याला मुंग्या लागल्या होत्या. रातव्याचा पत्ता नव्हता. मंगलीबाई मोहाच्या बुंध्याशी टोपली घेऊन बसल्या होत्या.

"तुमी सांगतलं, पाला जाळू नका. मी नाई जाळला," त्या म्हणाल्या. "बाकीच्या बाया उन्हाच्या आधी टोपल्या भरून घरी जात होत्या. मी दुपारवर पाल्यात हात घालत होती. सुनेनं बोल लावले, तरी नाई जाळला. मंग तुमच्या माणसायनं तो काऊन झाडला?"

चूक अश्विन सरांची आहे, माणसं ऐकत नाहीत, असं नूतन पुटपुटली.

"त्यायले जागा कोणं दाखवली?"

नूतननं मान खाली घातली.

मंगलीबाईंचा आवाज जरा निवळला. "पाहाले या, मॅडम. नाई कोण म्हणते? पण दुसऱ्याच्या घरी जाऊन राह्यलो, हे ध्यानात ठेवून या."

दुपारी नूतननं ग्रुपवर लिहिलं, की अंडी गेली आणि जागा मीच सांगितली होती. यापुढं कुठल्याही घरट्याची जागा इथं येणार नाही. अश्विन सरांचा लगेच फोन आला. पाखरू पुन्हा अंडी घालेल, एवढा बाऊ कशाला, अशानं माणसं तुटतील, असं ते चिडून बोलले. संध्याकाळपर्यंत नऊ जण ग्रुप सोडून गेले. तिनं कोणाला थांबवलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तीनच माणसं आली. आज कुठल्या वाटेनं जाऊ, हे विचारायला ती आधी मंगलीबाईंच्या दारी गेली. त्यांनी वाट सांगितली. घरटं मात्र एकही दाखवलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

वाचकहो, रान जाळणारा हात आपल्याला लांबून दिसतो. कौतुकानं पुढं गेलेला आपलाच हात दिसत नाही. गावाला शिकवायला निघालेल्यानं आधी आपली पावलं तपासावीत. नूतननं ती तपासली. त्या वर्षीच्या नोंदवहीत तिच्या अक्षरात एक ओळ आहे: रातवा, घरटं एक, पिल्लं शून्य. नाशाचं कारण: आमचं मंडळ.