पाच जानेवारीची सही

मल्लम्मानं सही केली नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं, आणि सहा महिने होत आले तरी ते खरं मानायला घरातला एक माणूस तयार नव्हता. तो माणूस म्हणजे तिचा नवरा, धोंडप्पा.

झालं होतं असं. उदगीर जिल्हा होणार अशी आवई दर दोन-चार वर्षांनी उठते. मागं ती जरा जास्तच जोरात उठली, तेव्हा एका बड्या बँकेनं दूरचा विचार करून बसस्टँडजवळ काचेची शाखा थाटली. जिल्हा काही झाला नाही, पण शाखा झाली, आणि तिला विमे खपवायचं टार्गेटही आलं. त्यात दुष्काळ पडलेला. नळाला पंधरा दिवसांतून एकदा पाणी, मोंढ्यात मालाचा पत्ता नाही, अशात विमा कोण काढतो? तेव्हा बँकेतल्या बाहेरगावच्या साहेब लोकांनी फार डोकं न शिणवता, खातेदारांना न विचारताच, त्यांच्या नमुना सह्या गिरवून विमे काढून टाकले.

मल्लम्मा शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकायची. फेब्रुवारीत पासबुक भरून आणलं तर त्यातले चोवीस हजार गायब. धोंडप्पा तावातावानं बँकेत गेला आणि तोंड पाडून परत आला. साहेबानं त्याला कॉम्प्युटरवर सही दाखवली होती. 'म' ची गाठ, 'ल्ल' चा झोका, सगळं हुबेहूब.

"तुझीच हाय," तो म्हणाला.

"मी केली न्हाई."

"मग ह्यो जार कुठून आला?"

इथं खरी गोम होती. विमा घेणाऱ्याला बँक वीस लिटरचा निळा जार फुकट देत होती, आणि तसाच जार मल्लम्माच्या घरात उभा होता. तिनं तो गुरुवारच्या बाजारात रोख पैसे मोजून घेतला होता. पण दुष्काळात बाई जाराला भुलली, ही गोष्ट ऐकायला इतकी गोड होती की अख्ख्या गल्लीनं ती उचलून धरली. धोंडप्पानं तर त्या जारातलं पाणी पिणंच सोडलं. तहान लागली की समोरच्या गुरम्माच्या ओट्यावर जायचा. तीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या शब्दापेक्षा याला प्लास्टिकचा जार खरा वाटतो, याचं मल्लम्माला फार वाईट वाटायचं. चोवीस हजारांपेक्षा जास्त.

तिनं अर्ज केला. कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी जुलैत लोकअदालतीत तारीख लागली. टेबलामागं निवृत्त न्यायाधीश आप्पासाहेब, समोर बँकेचे पुण्याहून आलेले वकील. वकील मोठे गोड बोलणारे होते. तडजोडीचा कागद त्यांनी तयारच आणला होता. सगळे पैसे परत, वर दोन हजार त्रासाबद्दल. फक्त खाली एक ओळ होती : 'खातेदाराने गैरसमजातून तक्रार केली होती.'

"कर सही, मिटव," धोंडप्पा कुजबुजला. "पैसे मिळायलेत न्हवं?"

"गैरसमज कुणाचा?" मल्लम्मानं विचारलं. "मला आधी त्यो विम्याचा कागद दावा."

वकिलांनी फाइलमधून फॉर्म काढून दिला. पूर्ण फॉर्म तिनं आज पहिल्यांदाच पाहिला. चष्मा लावून एकेक अक्षर वाचू लागली. 'खातेदार स्वतः शाखेत हजर. समक्ष सही केली. दिनांक ५ जानेवारी, दुपारी साडेबारा.'

पाच जानेवारी म्हटल्यावर तिला काहीच आठवेना. तिचा सगळा हिशेब तिथीवर. ती उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागं उलटत जानेवारीवर आली. पाच तारीख, शनिवार, आणि चौकोनात काळा गोळा.

ती हसायलाच लागली.

"अवो, बगा की जरा," तिनं धोंडप्पाला हाक मारली. "त्या दिशी येळ अमावस्या हुती."

टेबलामागचे आप्पासाहेब हसले, कारकून हसला, दारातला शिपाईही हसला. वकील तेवढे सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

"वकीलसाहेब," आप्पासाहेब म्हणाले, "वेळ अमावस्येला या भागात गावात चिटपाखरू नसतं. सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभारायचं, त्यात दगडाचे पांडव पुजायचे, सगळ्या भाज्यांची भज्जी खायची, वर ताकातली आंबील प्यायची. मी स्वतः मेव्हण्याच्या शेतात होतो."

"पण दुष्काळात...?"

"रान वाळलं तरी अमावस्या वाळत न्हाई," मल्लम्मा म्हणाली. "भाजी इकत आणली, पर गेलो."

वकिलांनी धोंडप्पाकडे मोर्चा वळवला. "त्या दिवशी पत्नी पूर्ण वेळ तुमच्यासमोर होत्या?"

धोंडप्पा खाली बघू लागला. "आंबील जरा जास्त झाली हुती, साहेब. जेवून झोपलो."

"म्हणजे तेवढ्यात त्या शहरात जाऊन येऊ शकल्या असत्या."

"चौदा किलोमीटर? कशात बसून? रिक्षावालाबी शेतातच असतोय की. अन् मला वाढायला हीच हुती साडेबाराला, तीनदा वाढलं हिनं." एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं.

वकिलांनी हळूच फाइल चाळली. तिच्यात आणखी चाळीस फॉर्म होते, आणि सगळ्यांवर तारीख तीच. त्यांनी फाइल मिटली आणि बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलले. परत आले ते आवाज उतरवूनच. गैरसमजाची ओळ काढतो, म्हणाले, सगळ्यांचेच पैसे परत करतो, फक्त बँकेनं चूक कबूल केली असं कुठं लिहू नका.

"नका लिवू," मल्लम्मा म्हणाली. "मल्लम्मा त्या दिशी शेतात हुती, येवढं लिवा."

लिहिलं. तिनं सावकाश, गाठीसकट सही केली. साक्षीदार म्हणून कागद धोंडप्पापुढं सरकला. त्यानं पेन उचललं.

"यात जाराचं घालता येईल का?" त्यानं विचारलं.

"कोणता जार?" कारकून म्हणाला. "नाही घालता येत."

धोंडप्पानं सही केली. मग कारकुनाचं लक्ष नाही असं बघून सहीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं : 'जार हिनं इकत घेतला होता.' मल्लम्मानं ते वाचलं, आणि कोर्टात रडायचं नाही असं ठरवून आलेली बाई पदर डोळ्याला लावून बसली.

घरी पोचल्यावर धोंडप्पा चपला काढून ओट्यावर टेकला. समोरून गुरम्मानं सवयीनं तांब्या पुढं केला.

"नगं," तो म्हणाला. "घरी हाय की पाणी."