अठराचे सहा

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथेच आम्ही दोघं वाढलो. दादा पुढे काउंटरवर, मी मागे टेबलाशी. बिघडलेला रेडिओ घेऊन आलेलं गिऱ्हाईक नवा रेडिओ घेऊन जायचं, हे दादाचं कसब. बिघडलेला मी दुरुस्त करून ठेवायचे आणि तो तिसऱ्याच कुणाला विकला जायचा. वडील म्हणायचे, "हिचे हात आणि ह्याची जीभ, एवढ्यावर तुमचं निभेल." ते गेल्यावर बारा वर्षं खरंच त्यावरच निभलं.

आम्ही व्हिडिओ गेमचं यंत्र काढलं. खोक्यावर त्याचं भारदस्त नाव छापलेलं होतं, पण कारखान्यात आणि दुकानांत सगळे त्याला डबीच म्हणायचे. हातात मावणारी, राखाडी, चार बटणांची डबी. हिरवट काचेवर काळ्या ठिपक्यांचे खेळ. मागच्या खाचेतली कॅसेट बदलली की खेळ बदलायचा. मोठ्या कंपन्यांची यंत्रं टीव्हीला जोडावी लागायची, म्हणजे घरातल्यांशी भांडण आलंच. आमची डबी पांघरुणात नेता यायची. दोन साध्या सेलवर ती वीस तास चालायची. त्या वीस तासांसाठी मी दीड वर्ष डोळे फोडले होते आणि त्याचा मला गर्व होता, तो मी लपवतही नव्हते.

मोजे विणण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्याचा दुसरा मजला आम्ही घेतला होता. बेचाळीस बायका लांब टेबलांवर डब्या जोडायच्या. त्यांच्यावर चष्मेवाल्या बाई. त्यांचा एक चष्मा नाकावर असायचा, एक कपाळावर. जवळचं पाहायचं असलं की दोन्ही एकदम खाली यायचे. एकही डबी त्यांच्या हाताखालून न जाता खोक्यात पडली नाही. तीन वर्षं माल हातोहात गेला.

त्याच काळात मी मागच्या खोलीत रंगीत डबी करत होते. खरं तर डबी कसली, नमुनाच होता तो. रंग सुरेख दिसायचे, पण चाळीस मिनिटांत सेल संपायचे आणि मागची बाजू इस्त्रीसारखी तापायची. कमी वीज खाणाऱ्या दिव्याची नवी काच मिळवायची, चिप बदलायची, मग साचा काढायचा. कामाला अंत नव्हता.

खेळयंत्रांच्या वार्षिक प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी दादा खोलीत आला आणि दार लावून घेतलं.

"हे कधी तयार होईल?"

"अठरा महिने."

"नीट सांग."

"नीटच सांगतेय. सतरा म्हटलं तर तुला बरं वाटेल, पण लागतील अठराच."

तो खुर्चीवर बसला. त्याच्या कानावर आलं होतं की सगळ्यात मोठी कंपनी या प्रदर्शनात रंगीत यंत्र दाखवणार. "त्यांनी आधी दाखवलं तर आपण जन्मभर नक्कल करणारे ठरू," तो म्हणाला. "मला हे दाखवू दे."

"दादा, गोदामात साठ हजार डब्या आहेत. सुट्ट्यांत विकायचा सगळा माल. नवी दाखवलीस तर जुनीला कोण हात लावील?"

"सगळ्यांना नाही गं दाखवत. दोनच व्यापारी. बंद खोलीत. त्यांना कळू दे आपण झोपलेलो नाही."

मी नाही म्हणायला हवं होतं. नमुन्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, नाही म्हणणं माझ्या हातात होतं. पण दोन वर्षं त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी ते रंग पाहिले नव्हते. कुणीतरी पाहावेत असं मलाही फार वाटत होतं. मी किल्ली दिली. पुढे कितीही बोटं दादाकडे दाखवली, तरी एवढं माझ्याच पदरात राहतं.

प्रदर्शनाचा हॉल गच्च भरलेला. मी तिसऱ्या रांगेत, शेजारी वहिनी. दादा व्यासपीठावर गेला, डबीचे आकडे सांगितले, लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. त्या बेताच्या टाळ्यांनीच घात केला असावा. दादा क्षणभर थांबला, कोटाच्या खिशात हात घातला आणि माझा नमुना वर धरला.

कॅमेरावाला जवळ आला. पडद्यावर भलामोठा निळा समुद्र उमटला, त्यात लाल होडी. हॉलमधून एक मोठा "आऽऽ" आला. दादाने शब्द मोडला होता, तरी माझे डोळे भरून आले. आणि मी खोटं बोलणार नाही, मीही टाळ्या वाजवल्या.

एका पत्रकाराने उभं राहून विचारलं, "आताच्या कॅसेट यात चालतील का?"

"नव्या घरात जुनं सामान कशाला न्यायचं?" दादा म्हणाला. लोक हसले.

"किंमत?"

"आताच्या डबीएवढीच."

"आणि बाजारात कधी?"

दादाने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, मग वर दिव्यांकडे. "सहा महिन्यांत," तो म्हणाला.

मी मनगटावरचं घड्याळ बघत होते. नमुना चालू होऊन छत्तीस मिनिटं झाली होती. सदतिसाव्या मिनिटाला त्याने तो खिशात टाकला. मग खिशात काच काळी पडलेली कुणाला दिसली नाही. दिसली असती तर आम्ही वाचलो असतो.

सोमवारी सकाळी पहिला फोन आमच्या सगळ्यात मोठ्या घाऊक व्यापाऱ्याचा. मीच उचलला.

"बाई, अभिनंदन. काय चीज बनवलीत!"

"धन्यवाद."

"आणि आमची सुट्ट्यांची ऑर्डर रद्द करा. रंगीत आली की दुप्पट घेतो."

दुपारपर्यंत असे अकरा फोन झाले. सगळ्यांनी आधी अभिनंदन केलं.

पुढच्या आठवड्यात मी ओळख न देता एका खेळण्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. एक आई मुलीला घेऊन आली होती. मुलीने काचेतल्या डबीकडे बोट दाखवलं. आईने पर्स उघडलीसुद्धा. तेवढ्यात दुकानदारच म्हणाला, "ताई, माझं ऐका, सहा महिने थांबा. रंगीत येतेय, याच किमतीत. ही घेतलीत तर नंतर मलाच शिव्या द्याल." त्या बाईने त्याचे आभार मानले. मुलगी रडत बाहेर गेली. दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं. प्रामाणिक माणूस होता तो.

दादाने डबीची किंमत निम्मी केली. त्याने एकच झालं: आदल्या महिन्यात पूर्ण किमतीला घेतलेले लोक दुकानांत भांडायला आले, आणि दुकानदारांनी उरलेल्या डब्याही परत पाठवल्या. गोदामातली खोकी वाढू लागली. माल बनवणाऱ्याकडे माल परत येतो तेव्हा त्याची खोकी उघडलेलीही नसतात, तसाच येतो. मला ते फार लागलं.

आणि ती सगळ्यात मोठी कंपनी? तिने प्रदर्शनात काहीच दाखवलं नाही. रंगीत यंत्राची नुसती आवई होती. त्यांचं यंत्र तीन वर्षांनी आलं.

डबी विकून जे येणार होतं त्यातूनच रंगीत डबी व्हायची होती. डबी थांबली, तशी रंगीतही थांबली. काचवाला आगाऊ रक्कम मागू लागला, साचेवाल्याने फोन घेणं सोडलं. सहा महिने उलटले. वर्तमानपत्रात आमच्यावर व्यंगचित्र आलं. दादा माझ्या खोलीत यायचा, नमुना उचलून बघायचा आणि खाली ठेवून निघून जायचा. एकदाच म्हणाला, "तू थोडी घाई केली असतीस तर." मी हातातलं सोल्डरिंगचं तापलेलं अवजार बंद करून ठेवलं, कारण ते हातात धरून मला स्वतःची खात्री वाटेना.

शेवटी गोदाम रिकामं करायची वेळ आली. डब्या होत्या तशा कुणी घेईना, पण आतली काच आणि चिप एक घड्याळवाला कारखाना घ्यायला तयार झाला, सुट्या करून दिल्या तर. सुट्या कोण करणार? त्याच बेचाळीस बायका. नगावर मजुरी ठरली.

पहिल्या दिवशी मी मजल्यावर गेले तेव्हा टेबलं तीच, बाकं तीच, फक्त खोकी उलट्या टोकाने येत होती. बायका स्क्रू काढत होत्या, पाठ उचकटत होत्या, काच एका ट्रेमध्ये, चिप दुसऱ्यात, राखाडी टरफल पोत्यात. ट्रेमध्ये चिप पडल्याचाही आवाज ऐकू येत होता. एरवी त्या मजल्यावर कान किटायचे.

चष्मेवाल्या बाई दोन्ही चष्मे खाली ओढून एक डबी न्याहाळत होत्या. त्यांनी ती चालू केली. टुणकन आवाज झाला, खेळ सुरू झाला.

"ताई, ही चांगली आहे," त्या म्हणाल्या.

"सगळ्याच चांगल्या आहेत, बाई."

"तेच म्हणते. खराब माल मी आजवर शंभरदा फोडायला लावलाय. चांगला फोडायचा कसा, ते तुमच्या दादांना येऊन दाखवू दे एकदा."

दादा आला नाही. त्या महिनाभरात तो त्या मजल्यावर एकदाही आला नाही. बायकांनी साठ हजारांहून जास्त डब्या सव्वीस दिवसांत मोडल्या. जोडायला पाच महिने लागले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबलं पुसली आणि जेवणाचे डबे उचलून गेल्या. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मेवाल्या बाईंनी मात्र जिन्यात थांबून सांगितलं, "तुमच्यावर राग नाही, ताई. पण तुम्ही तिथे होतात ना हॉलमध्ये? मग उठून बोलला का नाहीत?"  

मी तंत्रशाळेत शिकवायला लागले. दादा दोन वर्षं घरात बसून होता. वहिनींनी एका दातांच्या दवाखान्यात नोकरी धरली आणि घर ओढलं. मग एक पुस्तक निघालं, गेमच्या धंद्यातल्या मोठ्या चुकांवर. त्यात दादा सातवा होता. मला वाटलं, हा आता अंथरूण धरणार. त्याने फोन केला तो उड्या मारतच. "अगं, सातवा! माझ्यापुढे सगळ्या अब्जाधीश कंपन्या आहेत!"

त्या पुस्तकावरून त्याला एका व्यवस्थापन महाविद्यालयाने बोलावलं. मग दुसऱ्याने. जीभ होतीच. वर्षभरात तो 'माझी सर्वात मोठी चूक' या विषयावर गावोगाव बोलू लागला. वहिनींनी नोकरी सोडली. घराला नवा रंग लागला. वहिनींच्या आग्रहावरून एकदा मी ऐकायला गेले.

तो सुंदर बोलला, हे कबूल करायलाच हवं. हॉल, कोट, समुद्र, टाळ्या. पोरं पोट धरून हसत होती. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या अभियंत्यांनी मला सहा महिने सांगितले होते. मी विश्वास ठेवला. नेत्याने विश्वास ठेवावा, पण पडताळून पाहावा." पोरांनी वहीत लिहून घेतलं.

प्रश्नांची वेळ आली. मी हात वर केला. वहिनींनी माझं मनगट धरलं, "नको गं." पण माइक आला होता.

"अभियंत्यांनी किती महिने सांगितले होते?" मी विचारलं.

दादाने मला ओळखलं. "सहा," तो म्हणाला.

"ती अभियंता मीच. मी अठरा सांगितले होते. दोनदा."

 दादा मोठ्याने हसला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "मंडळी, माझी धाकटी बहीण! अजून माझ्या चुका काढतेय!" सगळा हॉल हसला. टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, हे ठरवून आणलेलं आहे. माझ्या हातातला माइक एका मुलीने हळूच काढून घेतला.

गाडीत दादा खुशीत होता. "काय रंगलं आज! पुढच्या वेळी पण येशील? तिथेच बस, तिथेच उठ."

"तू खोटं का सांगतोस?"

"अगं, गोष्ट जमायला हवी ना. अठरा सांगितले तर मी वेडाच ठरतो. वेड्याकडून लोक काय शिकणार?"

"मग मी खोटी ठरते त्याचं काय?"

"तुझं नाव कुठे घेतो मी?" तो खरोखर चकित होऊन म्हणाला.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी उतरले. वहिनी हाका मारत राहिल्या. घर दोन कोसांवर होतं, मी चालत गेले.

चार महिन्यांनी वहिनींचा फोन आला. "अगं, तो आता खरं सांगतो. तुझं नाव घेऊन सांगतो. 'बहीण म्हणाली अठरा, मला ऐकू आलं सहा!' लोक सगळ्यात जास्त तिथेच हसतात. आता तरी राग सोड. रविवारी जेवायला ये, तोही विचारत होता."

मी येत नाही म्हटलं. का, ते वहिनींनी विचारलं, तेव्हा मी फोन ठेवला. इतकी वर्षं माझ्याजवळ एक तक्रार होती, खरी आणि माझी. तीही तो आता तिकीट लावून सांगत होता.

त्यानंतर आम्ही भेटलो नाही.