नथ्थूच्या नावाची रेघ

"हात समोर धरा, तेजरामजी. बोटं सैल सोडा," असं म्हणत डॉक्टर मेश्रामबाईंनी तेजरामच्या मधल्या बोटाला शर्टाच्या बटणाएवढी एक चकती पट्टीनं बांधली. चकतीची तार टेबलावरच्या पेटीत गेली होती. बाईंनी कळ दाबली तशी पेटीतली लेखणी सरकत्या कागदावर रेघ ओढू लागली. रेघ जवळजवळ सरळ आली. ही आपली नमुन्याची रेघ, असं सांगून बाईंनी तिच्यावर तेजरामचं नाव लिहिलं.

बालाघाटपासून तीन कोसांवरच्या त्या मँगनीजच्या खाणीत तेजराम एकोणीस वर्षं दवाखान्याचा कंपाउंडर होता. मिक्श्चर ढवळणं, सुया उकळणं, जखमा बांधणं, यातच त्याची उमर गेली होती. नमुना म्हणून त्याचं नाव कोणी कुठं लिहिलं नव्हतं. तो अवघडला, आणि त्याला बरंही वाटलं.

मेश्रामबाई नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून तीन दिवसांसाठी आल्या होत्या. चकतीत एक स्फटिक आहे, त्यांनी तेजरामला समजावलं. त्याला जरासा धक्का बसला तरी त्यातून कणभर वीज निघते आणि पेटी ती मोठी करून दाखवते. डोळ्यांना न दिसणारी थरथरही त्यात सापडते. मँगनीजची भुकटी वर्षानुवर्षं श्वासातून जाते आणि एखाद्याच्या मेंदूत घर करते. मग हात कापतो, चेहरा लाकडासारखा होतो, माणूस कारण नसताना हसतो, मागं पाऊल टाकायला गेला की पडतो. वेळीच कळलं आणि त्याला भुकटीतून बाहेर काढलं तर पुष्कळ वाचवता येतं. उशीर झाला तर औषध नाही. ऐकता ऐकता तेजरामला लाईनीतली, खाणकामगारांच्या चाळीतली, दोन माणसं आठवली. त्यांना तो शेवटपर्यंत ताकदीचं औषध देत राहिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीस-बावीस ड्रिलवाले होऊन गेले. तेजरामचा हात यंत्रावर बसला होता, म्हणून बाई त्याच्यावर काम सोपवून साहेबांच्या बंगल्यावर जेवायला गेल्या. तेवढ्यात नथ्थू आला.

नथ्थू आणि तेजराम कटंगीकडच्या एकाच गावचे. एकाच वर्षी खाणीवर आलेले. खडकावर हातोडी वाजवून सुरुंगाचं भोक कुठं पाडायचं ते नथ्थू सांगायचा, आणि इंजिनिअर मुकाट ऐकायचे. पण गेल्या सात-आठ महिन्यांत तो बदलला होता. शेजारच्या दुलीचंदच्या बापाच्या मातीला तो सगळ्यांदेखत हसला. चालताना तोल जायचा. दारूनं खाल्लं त्याला, असं लाईन म्हणू लागली होती.

तेजरामनं चकती बांधली. लेखणी उभी-आडवी नाचली आणि कागदावर करवतीचे दात उमटले.

"मले खदानीतून वर काढतीन," नथ्थू म्हणाला.

तेजरामनं त्याला सगळं समजावलं. वर आलास तर जगशील, असंही सांगितलं. नथ्थूचा चेहरा हलला नाही. आताशा तो हलतच नसे.

"एकोनीस वर्सं ड्रिल धरलो, तेजराम. वर बसून काय करू मी? तुहा हात लाव. माहं नाव लिव."

तेजरामनं उठून दार लोटलं. मग त्यानं तो कागद फाडून खिशात घातला, चकती स्वतःच्या बोटाला बांधली, आणि आलेल्या सरळ रेघेवर नथ्थूचं नाव लिहिलं.

संध्याकाळी नथ्थूची बायको लीलाबाई तेजरामच्या अंगणात आली. आत ये म्हटलं तरी येईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "भाऊजी, मशीनमंदी ह्यायचं काही निंगलं का?"

"सरळ आली रेघ," तेजराम म्हणाला.

ती खूश होईल असं त्याला वाटलं होतं. ती खाली ओट्यावर बसली. मग हळूहळू बोलू लागली. सारी लाईन नवऱ्याला दारुडा म्हणते. तिच्या भावानं त्याच्या पोरीच्या लग्नाचं बोलावणं पाठवलं नाही. ती एकटीच सगळ्यांशी भांडत होती, रोज त्याच्या तोंडाचा वास घेत होती, काही आजार असेल असं म्हणत होती.

"बिमारी नाही म्हनता त मंग ते पेतच असतीन," ती म्हणाली. "मीच येडी. लोकायशी भांडून राह्यली होती."

ती उठून गेली. तेजरामला जेवण गेलं नाही.

सकाळी बाई दवाखान्यात आल्या आल्या त्यानं खिशातला कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि केलेलं सांगून टाकलं. बाईंनी कागद उजेडात धरला. त्या रागावतील, वर कळवतील, अशी त्याची तयारी होती. त्या एवढंच म्हणाल्या, "माझी बस दोन वाजता आहे. त्यांना घेऊन या. बायकोलाही."

नथ्थू खाणीच्या फाटकाशी पाळीची वाट बघत होता. तेजरामनं त्याला बाजूला घेतलं.

"मी डॉक्टरीनबाईले सांगतलो. खरं ते सांगतलो."

"काहून?"

"वहिनी आलती काल. तिले वाटते, तू पेतो."

नथ्थूनं डोक्यावरची खाणीतली टोपी काढली, शेजारच्या माणसाच्या हातात दिली आणि दवाखान्याची वाट धरली.

लीलाबाईसमोर पुन्हा चकती बांधली गेली, पुन्हा तेच दात उमटले. ही दारू नव्हे, खाणीच्या भुकटीनं झालेला आजार आहे, असं बाईंनी मराठीत आणि हिंदीत लिहून सही केली. लीलाबाईनं तेजरामकडून ते दोनदा वाचून घेतलं. मग कागदाची घडी घालून ती चोळीत ठेवली आणि नवऱ्याच्या कापणाऱ्या हातावर हात ठेवून तशीच बसून राहिली.

नथ्थूला वर बत्तीघरात घेतलं. पाळीवर जाणाऱ्यांना बत्त्या द्यायच्या, परत आल्या की मोजून फळीवर लावायच्या. आजार मागं हटला नाही, पण फारसा पुढंही सरकला नाही. लीलाबाईच्या भावाकडून निरोप आला. दोघं गावी जाऊन आली. तेजरामशी मात्र नथ्थू बोलणं सोडून बसला. दवाखान्यात औषधाला आला तर बाटली पुढे करी आणि भरली की निघून जाई. असे दोन पावसाळे गेले.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बत्तीघरात एकाचा हात काचेनं कापला, म्हणून तेजराम औषधांची पेटी घेऊन तिथं गेला. पट्टी बांधून तो निघायला लागला. कोपऱ्यातल्या शेगडीवर नथ्थूनं चहा ठेवला होता.

"बस," नथ्थू म्हणाला.

तेजराम बाकड्यावर बसला. नथ्थूनं पेला अर्धाच भरला. दोन्ही हातांत धरून तो एकेक पाऊल टाकत आला. चहा काठापर्यंत उसळत होता, पण सांडला नाही. त्यानं पेला तेजरामपुढे ठेवला आणि शेगडीपाशी परत जाऊन उभा राहिला.

तेजरामनं चहा पिऊन संपवला आणि रिकामा पेला पुढे केला. नथ्थू भांडं घेऊन पुन्हा हळूहळू चालत आला आणि त्यानं उरलेला अर्धा पेला चहा त्यात ओतला.