धोंडीबाईचा उजेड

"डोल्याला सुई नाय लावायची. लावलीस तं आतला उजेड सांडून जाल," असं म्हणून धोंडीबाईने पदर डोळ्यांवर ओढला आणि विषय संपवला.

रोहिदास ओट्यावर बसून राहिला. तो जव्हारच्या दवाखान्यात डोळे तपासायचा. दाभोशाच्या या पाड्यावर तिच्या मोतीबिंदूपायी त्याने बऱ्याच खेपा घातल्या होत्या. उन्हाळ्यात तिच्या नातीचं लग्न होतं आणि भिंतीवर लग्नाचा चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, लिहायचा मान धोंडीबाईचाच. वारली बाया चित्र काढत नाहीत, लिहितात. पण मागच्या लग्नात तिची तांदळाच्या पिठाची रेघ भरकटली आणि देवीचा हात थेट घोड्याच्या पोटात गेला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हापासून तिने लिहायची काडी हातात धरली नव्हती.

"आजी, उजेड डोळ्यात नसतो. बाहेरून येतो."

"मंग मांजराचे डोले राती पेटतात ते? त्यात दिवा कोन लावतं?"

रोहिदासने मांजर बाजूला ठेवलं. मग त्याने आपला ठेवणीतला माणूस बाहेर काढला. इब्न अल-हैसम. हजार वर्षांपूर्वी कैरोत होऊन गेला. मोठमोठे ग्रीक पंडित अगदी धोंडीबाईसारखंच मानत, की डोळ्यातून उजेड निघतो आणि वस्तूला जाऊन लागतो. अल-हैसमने अंधाऱ्या खोलीत भोकातून येणारा उजेड तपासला आणि ठासून सांगितलं, उजेड वस्तूकडून डोळ्यात येतो. चष्म्याचा नंबर काढायला आलेला माणूसही या गोष्टीतून सुटत नसे. दवाखान्यात रोहिदासला 'हैसमभाऊ' म्हणत. पुरी गोष्ट मात्र आजवर कुणी ऐकली नव्हती, त्याच्या बायकोनेही नाही.

धोंडीबाईने ऐकली. म्हणाली, "त्याना तपासला ना? मंग तू दाखव."

आली का पंचाईत! रोहिदास घरात शिरला. कारवीच्या कुडाचं घर, खिडकी नाही. एका जागी लिंपण उडून बारीक भोक पडलेलं. त्याने दार लोटलं. डोळे अंधाराला सरावले, तशी समोरच्या भिंतीवर उन्हातलं अंगण उमटलेलं दिसलं, तेही उलटं. त्याने सासूसुनेला आत बोलावलं.

"अगो बय! कोंबडी उलटी चालतं!" सून वेणू ओरडली.

"मना तं काय दिसं नाय," धोंडीबाई म्हणाली.

रोहिदासचा चेहरा पडला. जिला दाखवायचं तिलाच दिसणार नव्हतं, आणि हे डोळे तपासणाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

धोंडीबाई मात्र विचारात पडली. "वेणू, आता मी डोले मिटलं. हाय कोंबडी?"

"हाय, आये."

"आता तू मीट. डागतर, हाय?"

"आहे."

"आता तू मीट. वेणू, तू उघड."

"हाय, आये. दाने खातं."

"आत काय चाललाय?" बाहेरून वेणूचा नवरा, जिव्या, विचारत होता.

"मंग कोनाच्याच डोल्यातून नाय जात ती," धोंडीबाई हळूच म्हणाली. "भायेरून येतं. मंग सांडायला हाय काय? कदी जायाचं, सांग."

परतीच्या जीपमध्ये रोहिदास एकटाच हसत होता.

धोंडीबाईचं ऑपरेशन झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी तो पाड्यावर आला. चौक लिहून झाला होता. देवी, घोडा, सगळ्यांचे हात आपापल्या जागी. भिंती नव्याने सारवल्या होत्या, ते एक भोक तेवढं धोंडीबाईने कुणाला लिंपू दिलं नव्हतं. तिने त्याला आत नेलं आणि दार लोटलं.

चौकाच्या बाजूला गेरूची जागा मोकळी सोडलेली होती. तिथे अंगणातल्या बाया डोकी खाली, पाय वर, रंगीत लुगड्यांत नाचत होत्या.

"ही मी नाय लिवली," ती म्हणाली. "ही आपली आपन आली. दिसतं ना तुना?"

रोहिदासचे डोळे भरून आले होते आणि बाया सगळ्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या.

"दिसतंय, आजी," तो म्हणाला.