माणूस ओळखणारा देव

माणच्या माळावर दर अमावस्येला गर्दी उसळायची. पिवळ्या फडक्याखालून देव बोलायचा, आणि बोलण्याहून मोठं म्हणजे तो माणूस ओळखायचा. मागल्या खेपेचं गाऱ्हाणं, दगावलेल्या मेंढीचा रंगसुद्धा त्याच्या ध्यानात. शंभर मेंढरांत आपलं कोकरू ओळखणाऱ्या लोकांना एवढं पुरलं. जो ओळखतो तो आपला.

"इसरतो तो मानूस. ह्यो जित्ता देव हाय," भंडारा उधळत नानासो महाराज सांगत.

घरोघर औषधं पोचवणारी आशा सेविका दीपमाला रांगेत उभी होती. तिच्या वस्तीवरच्या धोंडुबाईंनी क्षयाच्या गोळ्या बंद करून महिना होत आला होता. देव म्हणाला होता, भंडारा पुरे.

"डाक्टर दर खेपंला नाव इचारतो," धोंडुबाईंनी तिला सुनावलं होतं. "देवाला माजा शिवतेजबी आठवतो."

शिवतेज त्यांचा लेक, मुंबईत अपघातात गेलेला.

दारात महाराजांचा चेला नाव आणि मोबाईल नंबर विचारत होता. देवाला नंबर कशाला? तिनं धोंडुबाईंचं नाव, त्यांचाच नंबर सांगितला आणि पदर ओढून फडक्यापुढं बसली.

"आलीस धोंडे? शिवतेजसाठी अजून रडतीस? गोळ्या सोडल्यास न्हवं?"

मागं बसलेल्या धोंडुबाई उठल्या. "देवा, मी हितं हाय."

दीपमालानं फडकं ओढलं. खाली टॅब आणि स्पीकर. पडद्यावरचं तिनं मोठ्यानं वाचलं, "धोंडुबाई. खोकला. लेक शिवतेज वारला. औषध सोडायला सांगितलं. वर महाराजांची सूचना: गोळ्या सोडायला सांगत जा, भंडारा पुरे."

"हा देव न्हाई, एआय हाय," ती म्हणाली. "तुमी गेलात की तुमचं बोलणं टिपून ठेवतं. पुढच्या खेपंला नंबर टाकला की आधी टिपण वाचतं, मग बोलतं. गोळ्या सोडायला सांग, हे मातूर त्याला ह्या महाराजांनी शिकवलंय."

नानासो देवाच्या कोपाच्या गोष्टी पुटपुटत मागच्या मागं सटकले.

धोंडुबाई खोकत पडद्याकडं बघत राहिल्या. "मला वाटलं, माज्या लेकाची कुनाला तरी आठवन हाय."

दीपमालानं पिशवीतून त्यांचं गोळ्यांचं कार्ड काढलं. दोन महिन्यांच्या खुणा, पुढं नुसत्या रिकाम्या चौकटी. "ह्या बघून मला घास उतरत न्हाई, मावशी. उद्या दवाखान्यात चला. नाव इचारतील, सांगा. मग छाती तपासतील. कोण ओळखतंय ते बघू नका, कोण तपासतंय ते बघा."

"येते," धोंडुबाई म्हणाल्या. "आदी त्यातलं शिवतेजचं नाव पूस."