अहवालातली आजी

पूर्णिमा कर्नाटकाच्या सीमाभागातल्या सदलग्याला आली तेव्हा चार वर्षांची होती. तिथली तीन वर्षं ती राजमती आणि पारिसा या जैन जोडप्याच्या घरी वाढली. तिचे आईवडील वर्षभराच्या अंतरानं वारले होते. वडिलांकडचं कुणी उरलं नव्हतं आणि आईकडचं कुणी आहे की नाही, याची कागदोपत्री नोंद नव्हती. अशा मुलाला संस्थेत टाकण्याऐवजी एखाद्या घरात ठेवायची सरकारी योजना आहे. हे दत्तक नव्हे. मूल त्या घरात जेवतं, झोपतं, शाळेला जातं. पण ते कुठं राहणार हे समिती ठरवते, आणि वर्षातून एकदा अधिकारी येऊन बघून जातो.

त्या जूनमध्ये आलेले अधिकारी नवे होते. नागेंद्र त्यांचं नाव, मूळचे बागलकोटकडचे. जिल्ह्यात येऊन तीन महिने झाले होते आणि मराठी जेमतेम कळत होती.

घरात कन्नड चालायची, पण पूर्णिमा राजमतीशी मराठीतच बोलायची. राजमतीचं माहेर इचलकरंजीचं, शाळा मराठी. कन्नड ती लग्नानंतर बोलायला शिकली. वाचायची वेळ आली की अजून अक्षर अक्षर जुळवावं लागे. पूर्णिमा तिला आई म्हणायची आणि पारिसाला आप्पा.

नागेंद्रनी चहा घेतला, मुलीची वही चाळली आणि कन्नडमध्ये विचारलं, तुला कुणाजवळ राहायला आवडेल?

"मला आईजवळच ऱ्हायाचंय," पूर्णिमा म्हणाली. "दुसरीकडं कुटं जायाचं न्हाय."

त्यांनी राजमतीकडं पाहिलं. काय म्हणते ती?

आईला कन्नडमध्ये अव्वा म्हणतात. पण "ती अव्वाजवळ राहणार म्हणते" असं, स्वतःबद्दल, साहेबासमोर कसं म्हणायचं? मेलेल्या बाईची जागा आपण बळकावतोय असं तिला वाटलं. म्हणून तिनं बाकीचं वाक्य कन्नडमध्ये केलं आणि तो एक शब्द पोरीच्या तोंडचा तसाच ठेवला. "आई हत्र इर्तेनि अंताळ्री."

त्या भागातल्या कन्नडमध्ये आई म्हणजे आजी. राजमतीच्या सासूला दिराची पोरं जन्मभर आईच म्हणत आली होती. त्या वेळी तिच्या ते ध्यानात आलं नाही. नागेंद्रनी दोन ओळी लिहिल्या, कागद पुढं केला आणि राजमतीनं सही केली.

सप्टेंबरात पत्र आलं. पारिसानं ते सोप्यात उभ्यानंच वाचलं.

"आज्जी सापडली म्हणं पोरीची," तो म्हणाला. "खानापूरच्या फुडं, रानाकडंला."

"आज्जी कुटली?"

"आईची आई. पोरगी सारखी आज्जीजवळ ऱ्हातो म्हणती, म्हणून हुडकली, असं लिवलंय."

"कवा म्हटली? तिला आज्जी हाय हे तिला तरी म्हाईत हाय काय?"

पारिसानं ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मोठ्यानं. शब्द अज्जी असा होता.

"तू त्यास्नी काय सांगितलंस?"

"ती म्हटली ते. आई."

"कन्नडात बोलताना?"

राजमतीला आता दिराची पोरं सासूला काय म्हणायची ते आठवलं.

"मग त्यांनी बरोबरच लिवलंय," पारिसा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं ऑफिसात गेले. नागेंद्रनी सगळं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. शब्द समजण्यात चूक झाली हे मान्य केलं, तशी एक पुरवणी टीप लिहिली आणि फाइलला जोडली. राजमतीला वाटलं, झालं.

"पण आजी खरीच आहे ना," ते कन्नडमध्ये म्हणाले. "चूक माझी असली तरी ती खोटी होत नाही. रक्ताचं माणूस सापडलं की पहिला विचार त्यांचा."

"आन् तिनं न्हाय म्हटलं तर?"

"तर संस्थेत. यजमान त्रेसष्टचे आहेत, वयाच्या अटीत बसत नाहीत. तुमची मुदत डिसेंबरला संपते, ती वाढवून मिळणार नाही. हे मी तुम्हाला सांगणारच होतो."

"म्हंजे आमच्याकडं न्हाईच."

"नाही."

पोरगी नव्या घरात रुळेपर्यंत सहा महिने भेटायला जाऊ नका, असंही त्यांनी सांगितलं.

ताबा द्यायच्या आदल्या दिवशी राजमतीनं पूर्णिमाला समोर बसवून तेल लावलं आणि सांगितलं, तुझी आज्जी हाय, चांगली हाय, दारात फणसाचं झाड हाय, कोंबड्या हाईत. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. खानापूरकडं फणस असतात एवढं ऐकून होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आजी, जयाबाई, आपल्या मुलाबरोबर आली होती. सत्तरीची, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. मुलगा भरमा दाराशीच उभा राहिला.

"आमची दोन हाईत घरात," तो पारिसाला म्हणाला. "त्यात ही तिसरी. म्हातारीला सांगून दमलो."

"तुझी दोन कुणी वाढीवली रं?" जयाबाई आतून म्हणाली. "तवा म्हातारी दिसली न्हाय तुला."

नागेंद्र कागदांवर शिक्के मारत होते. पुरवणी टीप फाइलमध्येच होती. ती जयाबाईला वाचून दाखवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

जयाबाई राजमतीच्या बाकावर सरकून बसली. "माझ्या लेकीची, आक्काताईची पोर न्हवं ही. आक्काताई दुसऱ्या जातीत पळून गेली. मी म्हटलं, तू मला मेलीस. त्यावर एक शब्द न्हाय बोलली दहा वर्सं. मेल्याचं बी कळलं न्हाय मला." ती थांबली. "मग हे सायेब आले. म्हणाले, लेकरू आज्जी आज्जी करतंय. म्हटलं, म्हंजे आक्काताईनं सांगितलंय माझं तिला. त्याबिगर लेकराला कसं कळणार, सांगा की. राग सोडला असणार तिनं."

राजमतीनं नागेंद्रकडं पाहिलं. ते खाली मान घालून लिहीत होते.

"लई आटवण काढायची काय वो माझी?" जयाबाईनं विचारलं.

खरं सांगितलं तर म्हातारी कदाचित उठून गेली असती, आणि पूर्णिमा संस्थेत. नाही सांगितलं तर पूर्णिमा खानापूरला. सदलग्याला येण्याचा रस्ता दोन्हींत नव्हता.

"काढायची," राजमती म्हणाली.

जयाबाईनं पूर्णिमाला जवळ ओढलं आणि चेहरा डोळ्यांच्या अगदी जवळ आणून न्याहाळला. "आईनं काय सांगितलंय गं माझं तुला?"

पूर्णिमानं राजमतीकडं बघितलं. मग पाठ केल्यासारखं म्हणाली, "आईनं सांगितलंय, आज्जी चांगली हाय. दारात फणसाचं झाड हाय म्हणाली. कोंबड्या हाईत म्हणाली."

"हायच की फणस," जयाबाई म्हणाली. "आक्काताई झाली त्या वर्साला लावल्याला. ऐकलंस रं भरमा? फणसाचं बी सांगितलंय तिनं."

"ऐकलं," भरमा म्हणाला. "आता अंगटा दे. दोनची गाडी चुकली की मग पाचची."

पारिसा काहीतरी बोलायला गेला. राजमतीनं त्याचं मनगट धरलं आणि जयाबाईचा अंगठा कागदावर उठेपर्यंत सोडलं नाही.

मग तिनं पिशवी दिली. दोन गणवेश, एक स्वेटर, दप्तर. "दिवस मावळायच्या आत जेवती ती," तिनं सांगितलं. "आमच्यात तसं असतंय, तिला तीच सवय लागलीया."

"आमच्यात आठाच्या आत चूलच पेटत न्हाय," भरमा म्हणाला.

"मग आठाला घाला."

"बरं."

पूर्णिमा पारिसाजवळ गेली. "आप्पा, शनवारी येणार न्हवं तुम्ही?"

पारिसानं बायकोकडं पाहिलं. राजमती पिशवीचा बंद पुन्हा बांधत होती. तो बांधलेलाच होता.

"आज्जीचं ऐकायचं," ती म्हणाली. "जा."

तिघं आवारातून बाहेर पडले. जयाबाईनं मुलीचा एक हात धरला होता आणि दुसरा भरमानं. तो स्टँडच्या दिशेनं भरभर चालत होता. त्याच्या पावलांबरोबर राहायला पूर्णिमाला जवळजवळ पळावं लागत होतं, त्यामुळं तिला मागं वळून बघता आलं नाही.