दोन नळ्या आणि एक शाल

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर सेन्सर आहे. मुठीत मावेन एवढा, काळ्या प्लॅस्टिकचा. ज्या गाडीच्या बॉनेटखाली मी बसलो आहे, ती गाडी आज ठणठणीत आहे. फक्त तिला आता कुठे जायचं नाही. असं का झालं ते सांगतो. यात माझी चूक नव्हती हे आधीच सांगून टाकतो, कारण ते सांगायची संधी मला आजवर कुणी दिलेली नाही.

माझं काम तसं सोपं आहे. डिझेल गाडीच्या धुरात काजळी असते. ती बाहेर पडू नये म्हणून धुराच्या वाटेवर एक फिल्टर बसवलेला असतो. फिल्टरच्या अलीकडे धुराचा दाब किती आणि पलीकडे किती, हे मी मोजतो. त्यासाठी मला दोन नळ्या जोडलेल्या असतात, एक अलीकडची आणि एक पलीकडची. त्या म्हणजे माझे दोन कान. गाडी जोरात चालली की अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे कमी असायलाच हवा. दोन्हींतला फरक मी गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो आणि माझ्या शब्दावर तो इंजिन चालवतो. हॉर्नचं, दिव्यांचं कौतुक सगळे करतात. मी गाडीत आहे हे मालकालाही ठाऊक नसतं. माझं नाव निघतं ते बिघाड झाल्यावरच.

कारखान्यात हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या दोन्ही तोंडांतून हवा सोडून पाहिली होती आणि मी बरोबर सांगतो म्हणून मला हिरवी टिकली लावली होती. ती टिकली पहिल्याच उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने गळून पडली. माझ्या अंगावर कौतुकाची खूण म्हणून होती ती तेवढीच.

आमच्या गाडीचे मालक घड्याळं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना काका म्हणत. काकू शिवणकाम करायच्या. काकूंची नजर अशी की समोरून जाणाऱ्याची बाही तिरकी लागली असेल तर त्या रस्त्यात थांबवून सांगायच्या. आणि बोलणं तर विचारू नका. इंजिनाच्या आवाजावर मात करून त्यांचा आवाज माझ्यापर्यंत पोचायचा. काका गमतीने म्हणायचे, आमच्या घरात बोलायचं खातं हिच्याकडे आणि ऐकायचं माझ्याकडे. आठ वर्षं मी ते ऐकत काम केलं. ते दिवस सुखाचे होते, पण तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

मग एका सकाळी काकूंच्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली आणि त्यांचं बोलणं गेलं. समजायचं सगळं, दिसायचं सगळं, पण शब्द बाहेर येईना. उजवा पायही ओढत चालावं लागे. मोठा चढ ओलांडून पलीकडच्या गावात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आठवड्यातून दोनदा, सकाळी दहाला, काकूंची वेळ ठरली. पहिल्या वर्षात जेवढे शब्द परत येतील तेवढे येतील, नंतर फार कठीण, असं त्या बाईंनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं. त्यांच्याकडे लोकांची रांग होती. लागोपाठ तीन वेळा कुणी आलं नाही तर ती वेळ पुढच्याला मिळे.

काकू एकेक शब्द परत आणू लागल्या. पाणी. नको. चल. दार. परतीच्या वाटेवर काका तो दिवसाचा शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे. पाच महिन्यांत एकतीस शब्द झाले. काका ज्याची वाट पाहत होते तो मात्र त्यांत नव्हता. लग्न झाल्यापासून काकूंनी त्यांना 'अहो' या एकाच हाकेने बोलावलं होतं. ती हाक अजून आली नव्हती. एका मंगळवारी त्या बाईंनी काकांना सांगितलं की 'अ' स्वच्छ येतोय, आता दोन-चार आठवड्यांची गोष्ट. त्या दिवशी काकांनी चढ उतरताना शीळ घातली.

त्याच आठवड्यात माझ्या एका नळीला भोक पडलं. दाब अर्ध्या वाटेतच निसटू लागला आणि मला जे ऐकू आलं ते मी कळवलं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, काका काकूंना बरोबर घेऊन गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेले.

मिस्त्री चांगला माणूस. कामात कसबी आणि मनाने साफ. त्यांनी तपासणीचं यंत्र जोडलं, त्यावर माझं नाव आलं. दुसरा कुणी असता तर त्याने मला तिथेच उपटून फेकलं असतं. मिस्त्रींनी तसं केलं नाही. त्यांनी मला काढून फुंकून पाहिलं, वायर तपासली, मग नळ्यांवरून बोट फिरवत गेले आणि ते भोक शोधून काढलं.

"सेन्सर बिचारा खरं बोलतोय, काका. नळी फाटलीय," ते म्हणाले.

मित्रांनो, आयुष्यात माझी बाजू कुणी घेतली ती तेवढी एकदा.

दोन्ही नळ्या नव्या घालू, असं ठरलं. मिस्त्रींची एक सवय होती. सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू सोडवायच्या आधी ते एकीला पांढरा दोरा बांधत, म्हणजे परत लावताना घोटाळा नको. त्या दिवशीही त्यांनी अलीकडच्या नळीला दोरा बांधला. काका शेजारी उभे राहून त्यांची तारीफ करत होते. भोक शोधायला सुद्धा घड्याळजीची नजर लागते वगैरे. मिस्त्री लाजून हसले आणि हसता हसता जुन्या दोन्ही नळ्या काढून टोपलीत टाकल्या. दोरा नळीबरोबर टोपलीत गेला. मग एकाच गुंडाळीतून त्यांनी दोन सारखे काळे तुकडे कापले आणि घाईने बसवले. अवघड होतं ते त्यांना जमलं आणि सोपं होतं ते चुकलं. माझा डावा कान उजवीकडे आणि उजवा डावीकडे लागला.

हे एकाच माणसाला दिसलं. काकू समोरच खुर्चीवर बसल्या होत्या. बॉनेट उघडं असल्यामुळे मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. आयुष्यभर डावी बाही डावीकडे आणि उजवी उजवीकडे लावलेल्या बाई त्या, त्यांच्या नजरेतून हे कसं सुटणार? त्यांनी तोंड उघडलं. एकतीस शब्दांत याला लागणारा शब्द नव्हता. त्यांनी 'नको' म्हटलं. पुन्हा म्हटलं, 'नको'. मग दोन्ही मनगटं छातीसमोर एकमेकांवर तिरकी ठेवली, काढली, परत ठेवली.

काका धावत त्यांच्याजवळ गेले. "थंडी वाजतेय का गं?" त्यांनी प्रेमाने विचारलं आणि स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून काकूंभोवती घट्ट गुंडाळली. हात शालीखाली गेले. काकूंनी ते दोनदा बाहेर काढले, काकांनी दोनदा आत घातले. तिसऱ्यांदा त्यांनी काढले नाहीत.

गाडी उभ्याउभ्या सुरू केली तेव्हा दिवा लागला नाही. धुराला जोर नसताना दोन्हीकडचा दाब जवळपास सारखाच असतो, तेव्हा कान उलटे असले तरी कळत नाही. मिस्त्री खूश झाले, काका खूश झाले. शुक्रवारी चढाला लागलो आणि धुराचा जोर वाढला. अलीकडे कमी, पलीकडे जास्त, असं माझ्या कानांत येऊ लागलं. असं होऊच शकत नाही हे मलाही कळत होतं. पण कानात येतं तेच सांगायचं, एवढंच मला येतं. कॉम्प्युटर गोंधळला आणि त्याने इंजिनाचं बळ काढून घेतलं. गाडी बैलगाडीच्या चालीने रांगू लागली. मागे हॉर्नचा गोंगाट झाला. काकांनी कडेला घेतली, दहा वाजून गेले, आम्ही परत फिरलो.

मिस्त्रींनी पुन्हा यंत्र लावलं. पुन्हा माझंच नाव. नळ्या एकदा बघायच्या का, असं काकांनी भीत भीत विचारलं.

"त्या मी माझ्या हाताने बसवल्यात, काका. तिथे बघायचं कारणच नाही," मिस्त्री म्हणाले. त्यात गर्व नव्हता, ते खरोखरच तसं समजत होते. मला काढलं आणि निकामी स्क्रूंच्या डब्यात टाकलं. माझ्या जागी नवा सेन्सर आला, त्याच उलट्या नळ्यांवर. मंगळवारी चढावर त्यानेही माझ्यासारखंच सांगितलं. त्यानंतर मिस्त्रींनी वायर बदलली, फिल्टर काढून धुतला, कॉम्प्युटर तपासायला पाठवला. दोन नळ्या सोडून सगळ्या गाडीवर त्यांनी जीव ओतला.

बसच्या पायऱ्या काकूंना चढता येत नव्हत्या. शेजाऱ्याने एकदा त्याच्या गाडीतून नेलं, त्यानंतर त्याला कामं निघाली. मग लागोपाठ तीन खाडे झाले आणि काकूंची वेळ दुसऱ्या कुणाला मिळाली. त्या बाईंनी नाव रांगेच्या शेवटी लिहून घेतलं. काका हे मिस्त्रींना सांगायला आले तेव्हा रागावले नाहीत. गाडी इथेच राहू दे म्हणाले आणि किल्ली टेबलावर ठेवून गेले.

गाडी मिस्त्रींच्या अंगणात उभी राहिली. बाईंनी सांगितलेलं ते पहिलं वर्ष संपलं, वर आणखी चार महिने गेले.

एके दिवशी दुसऱ्या एका गाडीला सेन्सर हवा होता. काकांना विचारून मिस्त्री आमच्या गाडीतला नवा सेन्सर काढायला आले. सवयीप्रमाणे त्यांनी सेन्सरच्या अलीकडच्या तोंडावरच्या नळीला दोरा बांधला. नळी खाली अडकलेली होती, म्हणून बोटाने तिचा माग काढत गेले. दोऱ्याची नळी फिल्टरच्या अलीकडे पोचायला हवी होती, ती पलीकडे पोचली. मिस्त्री तिथेच खाली बसले. मी शेल्फवरच्या डब्यातून पाहत होतो. काकू बसल्या होत्या त्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी स्वतःची मनगटं छातीसमोर एकमेकांवर ठेवून पाहिली.

मला डब्यातून काढून, पुसून त्यांनी परत बसवलं आणि नळ्या सरळ लावल्या. एकट्याने चढावर गाडी नेऊन आणली. दिवा लागला नाही. संध्याकाळी ते मला, म्हणजे गाडीला, काकांच्या दारात घेऊन गेले आणि बॉनेट उघडून त्यांना सगळं खरं सांगितलं. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग आत जाऊन काकूंना हाताला धरून बाहेर आणलं. काकूंच्या एकतीस शब्दांपैकी आता किती उरले, ते मिस्त्रींनी विचारलं. हल्ली ती काहीच म्हणत नाही, काका म्हणाले, म्हणायला लावलं तरी नाही.

मिस्त्री काकूंसमोर उभे राहिले. त्यांनी मनगटं एकमेकांवर ठेवली.

"काकू, तुम्ही हेच सांगत होतात ना?"

काकूंनी त्या मनगटांकडे पाहिलं. नळ्यांकडे पाहिलं. मग शालीतले दोन्ही हात आणखी आत ओढून घेतले. काकांचा हात सवयीने शाल सारखी करायला पुढे आला आणि मध्येच थांबला.

तेव्हापासून गाडी दारात उभी आहे. आठवड्यातून एकदा काका ती सुरू करतात, पाच मिनिटं चालू ठेवतात आणि बंद करतात. मी न चुकता बरोबर दाब सांगतो. त्याचा आता कुणाला उपयोग नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, काही ना काही दुरुस्त कराल. कामाला हात घातल्यावर काही बिनसलं, तर आपला हात शेवटी जिथे लागला होता तिथे आधी बघा. आणि कुणी शब्दांवाचून काही सांगू लागलं, तर त्याच्या अंगावर शाल घालायच्या आधी थोडं थांबा. त्याचे हात काय म्हणताहेत ते बघा. तो ते फार तर तीनदा म्हणेल.